तांत्रिक सत्रानंतर आलेल्या परस्परविरोधी अभिप्रायांतले नेमके काय ऐकावे?

आपण लिहिले आहे की, दादरला एका संध्याकाळी आपण ब्राउझरमधील इव्हेंट हाताळणीवर, म्हणजे क्लिक, स्पर्श अशा घटनांना कोडने प्रतिसाद देण्यावर, पाऊण तासाचे सत्र घेतले आणि नंतर आलेल्या अभिप्रायांत कुणी ‘फारच प्राथमिक’ म्हटले, कुणी ‘वेग झेपला नाही’ म्हटले, बऱ्याच जणांनी नुसते ‘छान’ लिहिले, एकाने ‘घरी करून पाहिले, चालले नाही’ असे कळवले, तर एकाने ‘रिॲक्ट (वेबपाने बांधण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरणाऱ्याला हे कशाला हवे’ असे विचारले. हेच सत्र आता ठाण्यात घ्यायचे असल्यामुळे यांतले काय मनावर घ्यावे, असा आपला प्रश्न आहे. मुंबईत अशी सत्रे मी घेत आणि भरवत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे की, जो अभिप्राय सत्रातल्या एखाद्या विशिष्ट जागेवर बोट ठेवतो तो सर्वांत आधी वाचावा आणि जो केवळ एकूण मत देतो तो सर्वांत शेवटी.

‘प्राथमिक’ आणि ‘वेग जास्त’ हे दोन्ही शेरे एकाच सभागृहातून येणे स्वाभाविक आहे, कारण अशा ठिकाणी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आणि अनेक वर्षे नोकरी केलेला अभियंता शेजारीशेजारी बसलेले असतात. त्यावरचा उपाय निमंत्रणात आहे. हे सत्र कोणासाठी आहे ते तिथे एका वाक्यात लिहावे. ‘छान’ म्हणणाऱ्यांचे आभार मानावेत. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे संध्याकाळच्या कार्यक्रमातून कल्याण किंवा विरारची फास्ट गाठायची म्हणून बरेच लोक आधी उठतात. शेवटी वाटलेला फॉर्म त्यांच्या हाती पडतच नाही, त्यामुळे आपल्याकडे जमा झालेली मते मुख्यतः थांबलेल्यांची असतात. म्हणून शेवटच्या भागाकडे वळण्यापूर्वीच फॉर्म द्यावा.

आता ‘घरी चालले नाही’ या ओळीकडे येतो, कारण मला ती सर्वांत मोलाची वाटते. आपण सांगितले आहे की, यादीतल्या प्रत्येक ओळीला वेगळा लिसनर (इव्हेंट घडताच चालणारे फंक्शन) न लावता संपूर्ण यादीला एकच लिसनर लावणे, म्हणजे इव्हेंट डेलिगेशन, हे आपण करून दाखवले आणि कोणती ओळ दाबली गेली ते इव्हेंटच्या ‘टार्गेट’वरून, म्हणजे इव्हेंट प्रत्यक्ष ज्या घटकावर घडला त्यावरून, ओळखले. पडद्यावरच्या उदाहरणात ओळीत फक्त मजकूर होता, त्यामुळे टार्गेट म्हणजे ती ओळच होती. खऱ्या पानावर मात्र ओळीच्या आत चिन्ह असते, ठळक अक्षरे असतात, कधी चित्र असते. त्यावर बोट पडले की टार्गेट ते आतले चिन्ह ठरते आणि ‘ही ओळ आहे का’ ही तपासणी फसते. त्या श्रोत्याकडे बहुधा हेच झाले असावे. ठाण्याच्या सत्रात ओळीत मुद्दाम एक चिन्ह ठेवा, उदाहरण सर्वांसमोर बिघडू द्या आणि मग ‘क्लोजेस्ट’ वापरून त्या चिन्हाला वेढणारी जवळची ओळ शोधून दाखवा. त्याच ओघात ‘करंटटार्गेट’ म्हणजे ज्याला लिसनर लावला आहे तो घटक, हेही आपोआप समजते. त्या श्रोत्याशी संपर्क होत असेल तर त्याचा कोड अवश्य मागवा. इतक्या आस्थेने घरी जाऊन प्रयोग करणारा श्रोता सहसा मिळत नाही.

वेगाबद्दलची तक्रार कोणत्या भागात उद्भवली, हेही शोधण्यासारखे आहे. आपल्या आराखड्यावरून पाहता ती ‘पॅसिव्ह’ लिसनरच्या भागाची असावी, कारण तिथे आपण नियम सांगितला आहे पण कारण सांगितलेले नाही. स्पर्शाचा लिसनर ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ने स्क्रोल रोखू शकतो, म्हणून तो लिसनर पूर्ण होईपर्यंत ब्राउझरला स्क्रोलसाठी ताटकळावे लागते, ‘पॅसिव्ह’ म्हणजे मी रोखणार नाही अशी आगाऊ हमी. क्रोमने 2017 मध्ये विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडी या पानाच्या सर्वांत बाहेरच्या स्तरांवरचे टचस्टार्ट व टचमूव्ह (स्पर्श सुरू होणे व बोट सरकणे) यांचे लिसनर मुळातच पॅसिव्ह धरायला सुरुवात केली, त्यामुळे तिथे प्रिव्हेंटडिफॉल्टचा परिणाम होत नाही. एवढे सांगितले की तोच भाग जड वाटणार नाही.

रिॲक्टविषयीचा प्रश्न आक्षेप म्हणून न घेता त्याचे उत्तर सत्रातच द्यावे, असे मला मनापासून वाटते. रिॲक्टच्या 16 पर्यंतच्या आवृत्त्यांत बहुतेक इव्हेंटचे लिसनर डॉक्युमेंटवर लागत. 2020 मध्ये आलेल्या 17व्या आवृत्तीपासून ते ॲपच्या मूळ घटकावर लागतात. म्हणूनच ‘बाहेर क्लिक केले की मेन्यू बंद’ यासाठी डॉक्युमेंटवर थेट लावलेला लिसनर आधी रिॲक्टमधील ‘स्टॉपप्रोपगेशन’ला, म्हणजे इव्हेंटला पुढे जाण्यापासून रोखणाऱ्या सूचनेला, दाद देत नसे आणि आवृत्ती बदलल्यावर तोच लिसनर काही ठिकाणी चालेनासा झाला. हे कोडे बबलिंग, म्हणजे इव्हेंटचे आतल्या घटकाकडून बाहेरच्या घटकांकडे वर चढणे, समजल्याशिवाय सुटत नाही.

आणि फॉर्ममधील ‘पाचपैकी किती गुण’ हा रकाना काढून टाका. त्याऐवजी एकात एक असे तीन चौकोन काढून द्या: सर्वांत बाहेरच्याचा लिसनर कॅप्चरचा (इव्हेंट वरून खाली जातानाच चालणारा), उरलेले दोन साधे, सर्वांत आतल्यावर क्लिक केले तर संदेश कोणत्या क्रमाने छापले जातील? योग्य उत्तर बाहेरचा, आतला, मधला असे आहे. बहुतेकांनी आतला, मधला, बाहेरचा असे लिहिले, तर बबलिंग पोहोचले पण कॅप्चर पोहोचले नाही असे समजावे आणि लिसनर लावणाऱ्या ॲडइव्हेंटलिसनरच्या, कॅप्चर ठरवणाऱ्या तिसऱ्या आर्ग्युमेंटसाठी पाच मिनिटे वाढवावीत. उत्तरे सर्व दिशांना विखुरलेली असतील, तर इव्हेंट वरून खाली जातो आणि मग परत वर येतो, ही आकृतीच सत्राच्या आरंभी सावकाश काढावी लागेल.