बॅगेत आहे, पण चालू आहे का?

वाचकांचे प्रश्न : रोज सोबत बाळगायच्या वस्तू

या विषयावर आलेल्या पत्रांत ‘काय काय जवळ ठेवावं’ असं विचारणारे थोडे आहेत. बहुतेकांची तक्रार अशी, की वस्तू जवळ होती, पण ऐन वेळी तिनं दगा दिला. त्यामुळे उत्तरांतही खरेदीपेक्षा देखभालीबद्दल जास्त लिहिलं आहे.

प्रश्न : माझी पॉवरबँक १०,००० एमएएचची आणि फोनची बॅटरी ५,००० एमएएचची आहे. म्हणजे फोन दोनदा पूर्ण भरायला हवा. प्रत्यक्षात एकदा भरतो आणि दुसऱ्यांदा तिसऱ्या हिश्शावर थांबतो. पॉवरबँक नकली आहे का?

उत्तर : नाही, ती नीट चालते आहे. १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) हा आकडा आतल्या सेलचा असतो आणि तो सेल ३.७ व्होल्टचा असतो. गुणाकार केला की ३७,००० मिलिवॉट-तास, म्हणजे ३७ वॉट-तास होतात. खरी साठवण ती. फोनला वीज देताना हा दाब ५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त करावा लागतो आणि या बदलात साधारण सातवा-आठवा हिस्सा उष्णता होऊन जातो. फोनही आत घेतलेली सगळी वीज साठवत नाही, तोही थोडा तापतो. तुमच्या फोनची बॅटरी सुमारे १९ वॉट-तासांची आहे, पण ती भरायला २२-२३ वॉट-तास लागतात. हिशेब जवळजवळ तुम्ही लिहिला आहे तिथेच येतो. पॉवरबँकच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ छापलेली असते आणि १०,०००च्या पॉवरबँकवर ती बहुधा ६,०००च्या आसपास दिसते. विकत घेताना मोठा आकडा न बघता हा बघा.

रोजच्या वापराला ५,००० एमएएचची छोटी पॉवरबँकही पुरते, कारण संध्याकाळी घरी पोचेपर्यंत फोन जिवंत राहणं एवढंच काम असतं. मोठी पॉवरबँक जड होते आणि जड झालेली वस्तू चार दिवसांनी घरीच राहते.

ती खराब होते मुख्यतः उन्हानं. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. लिथियम सेलला ते सोसत नाही, म्हणून गाडीच्या कप्प्यात कायमची ठेवू नका. वापर नसेल तर दर तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा. कवच फुगलेलं दिसलं, शिवण उकलली किंवा टेबलावर ठेवल्यावर ती डुगडुगू लागली, तर आत वायू साठला आहे असं समजा. तेव्हा चार्जिंग बंद. दाबून बसवायचा किंवा भोक पाडायचा प्रयत्न करू नका. साध्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

विमानप्रवासात पॉवरबँक सुटी बॅटरी धरली जाते. ती हातातल्या सामानातच न्यायची, तपासणीला दिलेल्या बॅगेत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबानं साधारण २७,००० एमएएच. काही विमान कंपन्या उड्डाणात ती वापरू देत नाहीत, तेव्हा निघण्याआधी नियम वाचून घ्या.

प्रश्न : पॉवरबँकनं फोन चार्ज होतो, पण कानातले बिनतारी इअरबड ठेवले की दोन मिनिटांत ती बंद पडते.

उत्तर : इअरबड फार कमी वीज ओढतात. पॉवरबँकला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती स्वतःला बंद करते. बऱ्याच मॉडेलमध्ये कमी विजेच्या उपकरणांसाठी वेगळी सोय असते : बटण दोनदा दाबायचं किंवा काही सेकंद धरून ठेवायचं. माहितीपत्रकात बघा. तशी सोय नसेल तर इअरबडसोबत फोनही जोडून ठेवा.

प्रश्न : केबल फोनमध्ये सैल बसते, जरा हलली की चार्जिंग तुटतं. दोन केबल बदलून झाल्या.

उत्तर : तिसरी घेण्याआधी फोनचं भोक उजेडात धरून बघा. खिशातली तुसं आणि धूळ तिथे जाते आणि प्रत्येक वेळी केबल खोचताना ती तळाशी आणखी दाबली जाते. काही महिन्यांत तिचा घट्ट थर होतो आणि प्लग पूर्ण आत जातच नाही. फोन बंद करा, लाकडी टूथपिकचं टोक थोडं चपटं करा आणि कडेकडेनं हलकेच उकरून लगदा बाहेर ओढा. सुई किंवा टाचणी नको, आतले संपर्क वाकतात किंवा एकमेकांना चिकटून शॉर्ट होतात. फुंकरही नको, तोंडातली वाफ आत जाते. थर निघाला की प्लग ‘टक्’ असा बसायला लागेल. केबल मात्र खरोखर तुटते ती प्लगच्या अगदी मुळाशी. बोटांवर घट्ट गुंडाळण्याची सवय त्याला कारण असते. मोठे वेढे करून रबरबँडनं बांधा.

प्रश्न : फोनमध्ये टॉर्च असताना वेगळी टॉर्च कशाला? शिवाय माझी छोटी टॉर्च वर्षभर बॅगेत होती, गरज पडली तेव्हा उघडली तर आत पांढरी पूड!

उत्तर : फोनचा उजेड जवळच पसरतो, तो कुठल्याही बाजूला वळवून ठेवता येत नाही आणि अंधारात ज्या फोनवरून मदत मागायची त्याचीच बॅटरी तो खातो. एका एएए सेलची टॉर्च बोटाएवढी असते आणि १०० ल्युमेनच्या आसपास उजेड देते. तिला ५ ल्युमेनची मंद पायरी हवीच. कुलूप शोधायला, कागद वाचायला तेवढा उजेड भरपूर झाला आणि सेल कितीतरी तास जास्त टिकतो. डब्यावर लिहिलेलं अंतर मात्र फसवं वाटू शकतं. ते मोजतात उजेड ०.२५ लक्सपर्यंत उतरतो तिथपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. त्या टोकाला माणूस ओळखू येणार नाही.

आता पांढऱ्या पुडीबद्दल. अल्कलाइन सेल संपत आला की आत हायड्रोजन साठतो, दाबानं सील उकलतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण बाहेर झिरपतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं, तीच ही पूड. टॉर्च लगेच टाकू नका. हातमोजे घाला, सेल काढा, सुटी पूड कोरड्या ब्रशनं झटका. कापूस गुंडाळलेली काडी व्हिनेगरमध्ये किंचित भिजवून संपर्कांवर फिरवा. फसफसेल, ते अपेक्षितच आहे. फसफस थांबली की पाण्यानं ओलसर काडीनं आम्ल पुसून घ्या आणि रात्रभर उघडं ठेवून वाळवा. स्प्रिंग हिरवी-काळी राहिली असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासा. सर्किटवर द्रावण पोचलं असेल तर मात्र टॉर्च वाचत नाही.

पुन्हा असं होऊ नये म्हणून कमी स्वयं-क्षयाचा, म्हणजे आपोआप हळूहळूच उतरणारा, रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल वापरा. तो १.२ व्होल्टचा असला तरी बहुतेक एलईडी टॉर्चना चालतो आणि वर्षभर पडून राहिला तरी बहुतांश चार्ज धरून ठेवतो. वापर अगदीच क्वचित असेल तर १.५ व्होल्टचा एकदाच वापरायचा लिथियम सेल घ्या. तो हलका असतो, वर्षानुवर्षं टिकतो आणि सहसा गळत नाही. इथे एक धोका आहे : एएएच्याच आकाराचा १०४४० नावाचा रिचार्जेबल लिथियम सेल मिळतो, तो ३.७ व्होल्टचा असतो. १.५ व्होल्टसाठी बनवलेली टॉर्च त्यानं जळते. आकार नाही, छापलेला व्होल्टेज वाचायचा.

बॅगेत टॉर्च आपोआप सुरू होत असेल तर मागची टोपी पाव फेरा सैल करा. आट्यांवर रंगीत कडक लेप असलेल्या टॉर्चमध्ये एवढ्यानं वीज तुटते. साध्या चकचकीत आट्या असतील तर या उपायाचा उपयोग नाही, मग सेल उलटा घालून ठेवा.

प्रश्न : वडिलांना रक्तदाब आणि मधुमेह आहे. ते एकटे फिरायला जातात. खिशात काय द्यावं?

उत्तर : सगळ्यांत आधी एक कागद. त्यावर नाव, आजार, रोजची औषधं मात्रेसह, कशाची अॅलर्जी आणि दोन जणांचे फोन नंबर. बॉलपेननं लिहा. जेल आणि फाउंटन पेनची बरीचशी शाई घामानं-पावसानं पसरते. कागद पाकिटात ओळखपत्राच्या मागे ठेवा, कारण मदतीला आलेला माणूस आधी तेच बाहेर काढतो.

दुसरं, फोनच्या लॉक स्क्रीनवरची आणीबाणीची माहिती. इंग्लंडमधल्या बॉब ब्रॉची या पॅरामेडिकनं २००५ मध्ये जवळच्या माणसाचा नंबर ‘आयसीई’ (‘इन केस ऑफ इमर्जन्सी’) या नावानं फोनमध्ये साठवायची कल्पना मांडली. तेव्हाचे फोन सहसा कुलूपबंद नसत. आता असतात, म्हणून नुसतं नाव साठवून भागत नाही. सेटिंगमध्ये वैद्यकीय माहिती भरून ‘लॉक असताना दाखवा’ हा पर्याय चालू करा. मग दुसऱ्या कुणाकडून तरी कुलूप न उघडता ती माहिती सापडते का, हे करून बघा. ही शेवटची पायरी हटकून राहून जाते.

गोळ्या सुट्या करून डबीत घालू नका. दमटपणानं त्या विरघळतात आणि कोणती कशाची ते कळत नाही. स्ट्रिप कापायची तर नाव आणि मुदतीची तारीख असलेलं टोक शिल्लक ठेवून दुसऱ्या टोकाकडून वापरत या. मधुमेहाच्या काही औषधांनी साखर एकदम उतरू शकते. वडिलांचं औषध तसलं आहे का आणि ग्लुकोजच्या गोळ्या किती ठेवायच्या, हे त्यांच्या डॉक्टरांना नेमकं विचारा. छातीत दुखल्यावरची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती मूळ बाटलीतच राहू द्या.

प्रश्न : पाकिटातल्या पावत्या कोऱ्या होतात आणि हॉटेलच्या खोलीचं कार्ड दर वेळी बिघडतं. पाकीट बदलू का?

उत्तर : पाकिटाला चुंबकाची खिट्टी आहे का ते बघा. बँकेच्या कार्डांवरची चुंबकीय पट्टी बहुधा चिवट असते, सहज पुसत नाही. खोलीच्या कार्डांची पट्टी पुन्हा पुन्हा लिहिता यावी म्हणून मुद्दाम दुबळी ठेवलेली असते. ती खिट्टीच्या किंवा फोनच्या कव्हरमधल्या चुंबकानं पुसते. ते कार्ड वेगळ्या खिशात ठेवा. पावत्या थर्मल कागदाच्या असतात, त्यात शाई नसतेच. उष्णतेनं कागद काळवंडतो आणि प्लॅस्टिकच्या मऊ कप्प्यातल्या रसायनांनी अक्षरं उडतात. त्याच दिवशी फोटो काढा आणि पावती साध्या कागदी पाकिटात ठेवा.

पाकीट मागच्या खिशात ठेवून तासन्‌तास बसत असाल तर ती सवय मोडा. एका बाजूला उंचवटा होऊन कमरेखालच्या नसेवर दाब येतो आणि पायात मुंग्या येतात.

प्रश्न : किल्ल्यांना शोधक टॅग लावला आहे. सेल नवा घातला तरी ‘सेल नाही’ असं दाखवतो.

उत्तर : मुलांनी तोंडात घालू नये म्हणून हल्ली सीआर२०३२ या चपट्या बटण सेलपैकी काहींवर कडू लेप देतात. काही टॅगमध्ये तो लेप नेमका संपर्काच्या जागी येतो आणि वीज पोचत नाही. बिनलेपाचा सेल घाला. तो मुलांच्या हाती लागणार नाही याची मात्र दुप्पट काळजी घ्या. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका भाजतो. शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं. किल्ल्यांवर पत्ता कधीच लिहू नका, फक्त फोन नंबर.

प्रश्न : चष्म्याचा स्क्रू रस्त्यात पडला तर?

उत्तर : सेफ्टी पिन किंवा बारीक तार बिजागरीतून ओवून टोक वाकवा. घरी पोचेपर्यंत निभावतं. स्क्रू हरवला नसेल, नुसता सैल झाला असेल, तर १.४ किंवा १.५ मिलिमीटर पात्याचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. तो किल्ल्यांच्या कडीत मावतो. बहुउपयोगी चाकूतही तो कधी कधी असतो. पण पातं असलेली वस्तू विमानाच्या हातसामानात बऱ्याच ठिकाणी चालत नाही आणि पात्याच्या लांबीचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. रोजच्या कामात पात्यापेक्षा कात्रीच जास्त वापरली जाते. बिनपात्याचा, कात्रीचा प्रकार निवडलात तर काही अडत नाही.

प्रश्न : शिट्टी खरंच उपयोगी पडते का?

उत्तर : हो. ओरडून घसा काही मिनिटांत बसतो, शिट्टीला फक्त श्वास लागतो. आत गोळी नसलेली घ्या, ती ओली झाली तरी वाजते. तीन लागोपाठ फुंका म्हणजे मदत हवी, हा संकेत बहुतेक ठिकाणी ओळखतात. आल्प्समधल्या पद्धतीत मिनिटाला सहा इशारे देऊन एक मिनिट थांबतात आणि उत्तर तीन इशाऱ्यांनी येतं. बॅगेच्या तळाशी गेलेल्या शिट्टीचा उपयोग नाही. पट्ट्याला छातीच्या उंचीवर बांधा, हात अडकले तरी तोंड तिथे पोचलं पाहिजे.

प्रश्न : हे सगळं ठेवायचं तर बॅग किती जड होईल! खांदा आताच दुखतो.

उत्तर : टॉर्च, शिट्टी, जखमेवर लावायच्या चार चिकट पट्ट्या, सेफ्टी पिना, कागद आणि छोटी पॉवरबँक मिळून पाव किलोच्या आसपास भरतात. वजन बहुधा दुसरीकडे असतं. बॅग रिकामी करून एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, वर दुपदरी स्टीलच्या बाटलीचे पाव किलो किंवा जास्त. वाटेत पाणी मिळत असेल तर बाटली अर्धीच भरा किंवा हलकी घ्या. जड वस्तू पाठीला चिकटून येईल अशी ठेवा आणि दोन्ही पट्टे खांद्यावर घ्या. दोन आठवड्यांत हात न लागलेली वस्तू बाहेर काढा. हा नियम पट्ट्या, शिट्टी आणि औषधांना लावायचा नाही. त्यांची वेगळी तपासणी करा : महिन्याच्या पहिल्या रविवारी टॉर्च लावून बघा, पॉवरबँक भरा, गोळ्यांची मुदत वाचा आणि पट्टीचा कागद सोलून गोंद चिकटतो का ते बघा. उन्हाळ्यात तो वाळून जातो.