छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाशिकमध्ये मुंबई नाक्याजवळ माझा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय असून जाहिरातीसाठी गाड्यांचे फोटो मी स्वतःच काढतो. पांढरी गाडी फोटोत राखाडी येते आणि उजळ घ्यायला गेलो, तर बोनेट पांढरेफटक होते. काळ्या गाडीत समोरची इमारत, विजेच्या तारा आणि मी स्वतःही दिसतो. पोलरायझर फिल्टर घेतल्यास हे दोन्ही दोष जातील का?

उत्तर : पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चकाकी कमी करणारा फिल्टर, यांपैकी फक्त दुसऱ्या, प्रतिबिंबांच्या दोषावर, आणि तोही काही अंशीच, उपयोगी पडतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम राखाडी छटेचे आहे असे गृहीत धरून एक्सपोजर, म्हणजे फोटोसाठी किती प्रकाश घ्यायचा ते, ठरवतो. त्यामुळे चौकट पांढऱ्या गाडीने भरली की तो प्रकाश कमी करतो आणि काळ्या गाडीने भरली की वाढवतो. पांढऱ्या गाडीसाठी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मापकाने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सेटिंग) +१ च्या आणि काळ्या गाडीसाठी −१ च्या आसपास ठेवून सुरुवात करावी व प्रत्येक वेळी हिस्टोग्राम (फोटोतील उजेड-अंधाराची विभागणी दाखवणारा आलेख) पाहावा, कारण भर उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावरून उजेडाचा अंदाज हमखास चुकतो. बोनेट जळते ते मात्र बहुधा वेळेमुळे. मे महिन्यात नाशिकला मध्यान्ही सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, टप आणि बोनेट तळपतात, तर दारे सावलीत जातात, आणि हे अंतर कोणत्याही एका एक्सपोजरमध्ये नीट सामावत नाही.

काळ्या गाडीचा स्वतःचा रंग फोटोत फारसा उमटत नाही, उमटते ते तिच्यातले प्रतिबिंब. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगआधी गाडीची जागा बदलावी. गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा त्र्यंबक रस्त्यावर शहराबाहेर, पश्चिमेचे आकाश मोकळे असेल अशा रस्त्यालगतच्या मैदानात, गाडीची जी बाजू दाखवायची ती पश्चिमेकडे करून उभी करावी. सूर्य मावळल्यानंतर साधारण १५ मिनिटे त्या बाजूला संपूर्ण आकाशाचा मऊ उजेड मिळतो आणि दारांवरून एक सलग, उजळ पट्टा धावतो. आपण गडद कपडे घालून दूर उभे राहावे आणि ८५ ते १०० मिलिमीटरची लेन्स वापरावी, म्हणजे आपले प्रतिबिंब अगदी लहान होते. उजेड उतरू लागला की ट्रायपॉड लावावा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) कमीच ठेवावा.

पोलरायझर काचेवरची आणि रंगावरची चकाकी कमी करतो, पण उघड्या क्रोमवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. तो एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), आणि प्रत्येक पत्र्याचा कोन वेगळा असल्याने एका वेळी सगळ्या गाडीवर सारखा चालत नाही. बोनेट स्वच्छ झाले की दार पुन्हा चकाकू लागते. आपल्या व्यवसायात त्याचा आणखी एक धोका आहे. दारांच्या आणि मागच्या टफन्ड काचांवर या फिल्टरमुळे ठिपक्यांची किंवा चौकड्यांची नक्षी उमटू शकते, जी काचेतील ताणामुळे दिसते, आणि गिऱ्हाईक तिला काचेचा दोष समजू शकते. शिवाय चकाकी सरसकट पुसून टाकू नये असे माझे मत आहे. दारावरची उजळ रेघ जिथे वाकडी होते तिथे पत्र्याला पोचा असतो, आणि जुनी गाडी विकणाऱ्याने ती रेघ फोटोत राहू द्यावी.

प्रश्न : संध्याकाळी हेडलाइट लावून फोटो घेतला, तर समोरचा भाग जळतो आणि दिवा बंद ठेवला, तर गाडी निर्जीव वाटते. काय करावे?

उत्तर : कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवून दोन फोटो घ्यावेत, एक दिवे बंद ठेवून, गाडीच्या रंगानुसार एक्सपोजर ठरवून, आणि दुसरा दिवे लावून दोन ते तीन स्टॉप कमी एक्सपोजरने. संगणकावर दुसऱ्या फोटोतील फक्त दिव्यांचा भाग पहिल्यावर बसवावा. जोडकाम नको असेल, तर नुसते पार्किंग दिवे लावले तरी भागते. एलईडी दिवे डोळ्यांना न जाणवणाऱ्या वेगाने लुकलुकत असतील, तर जलद शटरमध्ये, म्हणजे प्रकाश फार कमी वेळ आत घेतल्यास, ते अर्धवट किंवा विझलेले येऊ शकतात, त्यामुळे शटर १/३० सेकंद किंवा त्याहून मंद ठेवावे.