'केलं'वरचं टिंब नाकातलं नाही, स्वराचं आहे

प्रश्न असा आलाय की 'केलं', 'घरं' यातला अनुस्वार आपण नाकातून बोलतच नाही, मग तो लिहायचा कशाला, 'मी काम केल' लिहिलं तर काय बिघडतं?

बिघडतं, आणि बरंच बिघडतं. आधी नाक चिमटीत धरून 'आंबा' म्हणून बघा, मधल्या म् पाशी अडकायला होतं. आता तसंच नाक धरून 'घरं' म्हणा, काही अडकत नाही. म्हणजे निरीक्षण बरोबर आहे, इथे नाकाचा संबंधच नाही, शेवटी ऐकू येतो तो नुसता 'अ', चांगला लांबवलेला. स्वर म्हणजे तरी काय, जीभ-ओठ वाट अडवत नाहीत आणि हवा मोकळी बाहेर येते तो आवाज.

खरी गंमत लिपीत आहे. देवनागरीत 'र' लिहिला की त्यात 'अ' धरलेलाच असतो पण आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळून टाकतो, लिहितो घर आणि म्हणतो घर्, तसंच झाड्, गाव्, तळ्. मग जिथे तो 'अ' खरंच बोलायचाय तिथे लिहिणार काय? ते काम हे टिंब करतं. भांड्याचा तळ वेगळा आणि गावाबाहेरचं तळं वेगळं, ते त्या टिंबामुळेच कळतं. 'चित्र'मध्ये जोडाक्षरामुळे शेवटचा 'अ' थोडा उरतो, पण एक चित्र आणि दहा चित्रं असं मोठ्याने म्हणा, दुसऱ्यात तो स्पष्ट लांबतो.

पूर्वी इथे नाकातला 'ए' होता, जुन्या छापील पुस्तकांत केलें, घरें दिसतं, आणि कोकणीत 'केलें' आजही नाकातूनच येतं. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले म्हणून औपचारिक मराठीत केले, घरे. बोलण्यातलं वाक्य लिहिताना मात्र केलं, घरं चालतं, कारण बोलताना तो 'ए' कधीच 'अ' झालाय. (एवं, स्वयं हे संस्कृतातले, तिथे टिंब म्हणजे सरळ म्, त्यांची यात गल्लत नको.)

त्यामुळे मोबाईलवर कोणी 'खर सांगू का' टाइप केलं की मी ते 'खर्' असंच वाचतो आणि मग मागे येऊन परत वाचावं लागतं.