आधी कोरोनरी शोध, मग सुरी

अरे, मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया शिकतोयस ना, मग स्विचचे (उलट जोडलेल्या मोठ्या धमन्या अदलाबदल करण्याच्या शस्त्रक्रियेचे) व्हिडिओ तूर्त बंद कर. कोरोनरी म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणारी धमनी; ती इंट्राम्युरल (महाधमनीच्या भिंतीतून जाणारी) असणं, सिंगल (एकच) असणं, सगळं नंतर. टेट्रालॉजीपासून (हृदयातले चार जन्मजात दोष एकत्र) सुरू कर.

अशा शंभरातल्या पाचेक मुलांत एलएडी (हृदयाच्या पुढच्या बाजूची, एरवी डाव्या कोरोनरीची फांदी) उजव्या कोरोनरीतून निघते आणि आपण चीर देतो नेमक्या तिथूनच आडवी जाते. नवखे इथेच फसतात: इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘नॉर्मल’ वाचलं की स्वतः बघतच नाहीत. मीही फसता फसता वाचलोय.

- पंपावर (हार्ट-लंग मशीनवर) जाण्याआधी, हृदय भरलेलं असतानाच बघ. रिकामं झालं की ती हुडकणं अवघड.
- चरबीखाली लपते, घाई नको.
- आडवी दिसली तर चीर थांबव, सरांना विचार. कंड्युटचा (रक्ताला वेगळी वाट देणाऱ्या नळीचा) पर्याय असतो.

हात बसवायला रविवारी खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आण. सोलापुरात मटणाच्या दुकानांना काय तोटा! फक्त ‘काळीज’ मागू नकोस, कलेजी मिळेल.