१०७ सामने जिंकून शेवटचा हरला, म्हणजे हंगाम वाया गेला का?

अमेरिकन बेसबॉलबद्दलचा प्रश्न असा आहे: "२०१९ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनी हंगामात सगळ्यांत जास्त, १०७ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, वॉशिंग्टन नॅशनल्सकडून हरले. मग सहा महिन्यांच्या हंगामाला अर्थ काय? शेवटी हरायचंच असेल तर सगळं वायाच ना?"

"वाया" हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. हाच शब्द मी त्या वर्षी आमच्या घरात ऐकला आहे, आणि ज्या माणसाबद्दल तो वापरला गेला त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

मी शुगर लँडला राहते, ह्यूस्टनच्या नैऋत्येला. २०१९ च्या मे महिन्यात बाबा सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले. आई गेल्यानंतरची त्यांची पहिलीच फेरी. बाबांनी नोकरी बँकेत केली, पण खरं काम म्हणाल तर स्कोअररचं. सांगली आणि आसपासच्या क्रिकेट सामन्यांना चाळीस वर्षं ते टेबलावर बसले. उन्हात, टोपी घालून, दोन पेन्सिली आणि एक खोडरबर घेऊन. एकही चेंडू चुकवायचा नाही, टाळी वाजवायची नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही. स्कोअररनं टाळी वाजवली की त्याचा एक डोळा आंधळा झाला, असं ते म्हणत.

इथे येऊन आठ दिवसांत ते कंटाळले. बाहेर ऊन, चालत जाण्यासारखं काही नाही, मी आणि नवरा दिवसभर ऑफिसात. एका संध्याकाळी टीव्हीवर अ‍ॅस्ट्रोजचा सामना लागला होता. बाबांनी दोन इनिंग (सामन्यात प्रत्येक संघाच्या अशा नऊ असतात) नुसत्या पाहिल्या आणि विचारलं, "ह्यांचा स्कोअर कोण लिहितं? कसा लिहितात?" मी नेटवरून स्कोअरशीट काढून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅगेतून नवनीतची लांब वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या आणि स्वतःची पद्धत बसवली. बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांच्या, जागी छोटा चौकोन, धाव झाली की तो भरायचा. वॉक, म्हणजे पिचरनं (बोलरनं) चार चेंडू भलतीकडे टाकले की बॅटरला फुकट मिळणारा बेस; त्याला "चा", म्हणजे चाल. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटर बाद झाला की, फुली, आणि बॅटरनं बॅट न हलवता तिसरा स्ट्राइक सोडला तर फुलीभोवती गोल, कारण "हा नुसता उभा राहून गेला, ह्याची नोंद वेगळी पाहिजे."

मेपासून ऑक्टोबरपर्यंत बाबांनी शंभरावर सामने लिहिले. होसे अल्टुवे त्यांचा लाडका, उंची पाच फूट सहा इंच. "गावसकरसारखा बुटका, आणि तसाच चेंडू उशिरापर्यंत बघतो," असं म्हणायचे. गेरिट कोल पिच करणार असेल त्या दिवशी फुल्या काढायला पेन्सिलीला आधीच टोक करून ठेवायचे. कोलनं त्या हंगामात ३२६ स्ट्राइकआउट केले आणि जस्टिन व्हर्लँडरनं ३००. एकाच संघाचे दोन पिचर, दोघांचे वीसहून कमी विजय नाहीत: व्हर्लँडर २१, कोल २०. कोल २२ मेला एक सामना हरला, त्यानंतर थेट २२ ऑक्टोबरला. म्हणजे मधले पाच महिने बाबांनी त्याच्या नावापुढे पराभव लिहिलाच नाही.

आणि १ सप्टेंबरचं पान. टोरोंटोत व्हर्लँडरनं नो-हिटर टाकली, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट (फटका मारून मिळवलेला बेस) मिळू दिला नाही. पहिल्या इनिंगमध्ये एक वॉक, त्यानंतर एकही माणूस बेसवर नाही, १४ स्ट्राइकआउट. सामना २-०, दोन्ही धावा नवव्या इनिंगमधल्या, एका होम रनवर, म्हणजे षटकारासारख्या फटक्यावर. ते पान मी पाहिलं आहे. वर एकच "चा", आणि खाली ओळींमागून ओळी फुल्या आणि आउट. बाबा त्या पानावर हात फिरवून म्हणाले, "चाळीस वर्षांत असं पान माझ्या हातून उतरलं नाही."

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सर्वोत्तम संघ हरतो कसा? साधा हिशेब आहे. समजा एखादा संघ समोरच्याविरुद्ध दहापैकी सहा सामने जिंकेल इतका वरचढ आहे. बेसबॉलमध्ये हा फार मोठा फरक झाला. तरीही सात सामन्यांच्या मालिकेत तो शंभरातल्या साधारण एकोणतीस वेळा हरतो. १६२ सामन्यांत हा फरक उघड दिसतो, सातांत तो दिसेलच असं नाही. शिवाय लांब हंगामात संघाची खोली लागते: सामना सुरू करणारे पाच-पाच पिचर (स्टार्टर), मधेच त्यांच्या जागी येणारा रोज नवा रिलीफ पिचर, दुखापती. छोट्या मालिकेत दुबळे पिचर बाकावर बसवून ठेवता येतात. वॉशिंग्टनचं बुलपेन, म्हणजे रिलीफ पिचरांचा ताफा, त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये (दोन मोठ्या लीगपैकी एक) सगळ्यांत वाईट होतं, पण ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्ट्रासबर्ग, शर्झर, कॉर्बिन अशा मोजक्याच पिचरांकडून बहुतेक काम करून घेतलं. हेच वॉशिंग्टन २३ मेला १९ विजय आणि ३१ पराभवांवर होतं, हेही विसरू नका.

आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. १९०६ मध्ये शिकागो कब्ज ११६ जिंकून आणि फक्त ३६ हरून आपल्याच गावच्या व्हाइट सॉक्सकडून हरले. १९५४ मध्ये क्लीव्हलंड १११ जिंकून न्यू यॉर्क जायंट्ससमोर सलग चार सामने हरलं. २००१ मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्स ११६ जिंकले आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलेसुद्धा नाहीत. अशा संघांची आठवण लोक काढतात ती हंगामामुळेच.

२०१९ ची मालिका मात्र वेगळीच होती. अ‍ॅस्ट्रोज घरच्या मैदानावर हंगामात ८१ पैकी ६० जिंकले होते. मालिकेत घरचे चारही सामने हरले, आणि वॉशिंग्टनला जाऊन तिन्ही जिंकले. सातही सामने पाहुण्यांनी जिंकले. अमेरिकेच्या बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये सातच्या मालिकेत असं आधी कधीच झालं नव्हतं.

त्यात आमची दिवाळी. २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आणि त्याच संध्याकाळी पाचवा सामना. पूजा लवकर उरकली, आरती झाली, बाबा सोवळं सोडून थेट वही घेऊन बसले. वॉशिंग्टनच्या शर्झरची मान अशी धरली होती की सकाळी कपडे घालायलाही त्याला बायकोची मदत लागली. तो खेळलाच नाही. कोलनं सात इनिंगमध्ये एक धाव दिली, आपण ७-१ जिंकलो, ३-२ पुढे गेलो. घरी परत येऊन दोनपैकी एक जिंकायचा होता. बाबांनी पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: "लक्ष्मी आली."

२९ तारखेला भाऊबीज. सकाळी व्हिडिओ कॉलवर मी दादाला ओवाळलं, तो पुण्यात. बाबांनी त्याला मागून वही दाखवली. दादा म्हणाला, "बाबा, ते ठीक आहे, पण जिंकणार ना? नाहीतर सहा महिने फुकट." हसत म्हणाला. बाबाही हसले. त्या रात्री सहावा सामना ७-२ हरलो.

सातवा सामना, ३० ऑक्टोबर. आपला पिचर झॅक ग्राइंकी सहा इनिंग इतका सुंदर खेळला की बाबांच्या पानावर वॉशिंग्टनची बाजू जवळजवळ कोरी होती, फक्त एक हिट. आपण २-० पुढे. सातव्या इनिंगमध्ये एक आउट झाल्यावर वॉशिंग्टनच्या रेंडॉननं होम रन मारला. बाबांनी चौकोन भरला. मग सोटोला वॉक. बाबांनी "चा" लिहिलं आणि टीव्हीकडे न बघता म्हणाले, "ऐंशी झाले." ग्राइंकीनं टाकलेल्या ऐंशी पिच, म्हणजे चेंडू. मॅनेजर ए. जे. हिंच बाहेर आला, ग्राइंकीला काढलं, रिलीफ पिचर विल हॅरिसला आणलं. बाबा म्हणाले, "ह्याला काढायला नको होतं." हॅरिसची दुसरीच पिच, खाली आणि बाहेर, अगदी कोपऱ्यात. वॉशिंग्टनच्या केंड्रिकनं ती उजवीकडे उचलली आणि चेंडू मैदानाच्या कडेच्या खांबाला, फाउल पोलला, लागला, म्हणजे होम रन. टण्ण. तो आवाज टीव्हीतून आमच्या हॉलमध्ये आला आणि मग कुणी काही बोललं नाही. ३-२. पुढे ६-२. कोल सरावाच्या जागेत हात गरम करत होता, त्याला आणलंच नाही.

हिंचला लोक अजून शिव्या घालतात. मी घालत नाही. हॅरिसनं हंगामभर नऊ इनिंगमागे दीड धाव दिली होती, आणि ती पिचही वाईट नव्हती. केंड्रिकनं ती फार चांगली मारली. आपण हरलो ते आपल्या बॅटमुळे. तीन दिवसांपूर्वी मान वळवता न येणारा शर्झर समोर होता. पाच इनिंगमध्ये त्यानं ७ हिट आणि ४ वॉक दिले. अकरा वेळा संधी, आणि धावा दोन. बाबांचं मत वेगळं आहे, ते अजून ग्राइंकीबद्दलच बोलतात. माणूस लयीत असताना त्याला हलवू नये, असं त्यांचं म्हणणं. ह्यावर आमचं कधी जमलं नाही आणि ते चालतं.

न चालणारी गोष्ट ही. तिथे शेवटचा स्ट्राइकआउट झाला, इथे रात्रीचे अकरा वाजायला आले होते, पुण्यात दुसऱ्या दिवसाची सकाळ. बाबांनी शेवटची फुली काढली, बेरजा केल्या, दोन्ही बाजूंच्या जुळतात का ते पाहिलं, खाली तारीख घातली. त्यांच्या हाताला कंप नव्हता. तेवढ्यात दादाचा फोन. स्पीकरवर होता. "हरले ना शेवटी? गेलं सगळं वाया. सहा महिने दुसऱ्यांच्या पराभवाची हमाली केलीत बाबा."

बाबा म्हणाले, "हो रे." आणि वही मिटली.

त्यांना ती वही सांगलीला नेऊन आपल्या जुन्या स्कोअरर मित्रांना दाखवायची होती. संध्याकाळी कट्ट्यावर बसून हा खेळ कसा लिहितात ते समजावून द्यायचं होतं. त्याची तालीमही त्यांनी माझ्यासमोर दोनदा केली होती. दोन दिवसांनी विमानात बसले तेव्हा वही हातातल्या बॅगेत नव्हती, मोठ्या बॅगेत तळाला होती. मित्रांना ती त्यांनी दाखवली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "हरलेल्या टीमचं काय दाखवायचं?" चाळीस वर्षांत कुठली टीम हरली ह्याचा विचार न करता दोन्ही बाजू सारख्याच अक्षरात लिहिणारा माणूस हे म्हणाला.

दादा, तू ही साइट वाचतोस, म्हणून इथेच लिहिते. १९ नोव्हेंबर २०२३ आठवतो? आपला संघ सलग दहा सामने जिंकून अहमदाबादला फायनल हरला. तू दोन दिवस जेवला नाहीस. तेव्हा तू मला फोनवर म्हणालास, "एका दिवसानं काय होतं, विश्वचषकात असा खेळ आपण कधी केला नव्हता." बरोबर बोललास. मग ते दहा सामने तुझे असताना खरे, आणि १०७ सामने बाबांचे असताना हमाली, हे कसं?

प्रश्न विचारणाऱ्यांना: तुमच्या घरात कुणी एखाद्या हंगामात असा जीव लावला असेल, तर निकाल लागल्यावर तासाभरात त्याच्यासमोर "वाया" म्हणू नका. चषक कुणाला मिळाला हे सगळ्यांना कळतंच. तो वॉशिंग्टनला मिळाला आणि तो त्यांचाच. १९२४ नंतर पहिल्यांदा त्या शहरात वर्ल्ड सिरीजचं विजेतेपद आलं. पण वर्षातला सर्वोत्तम संघ कोण ते मला विचारलंत तर मी १६२ सामन्यांकडे बघेन.

एक गोष्ट राहिली, ती लपवणार नाही. मालिका संपल्यावर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबरमध्ये, अ‍ॅस्ट्रोजच्या चोरीची बातमी आली. २०१७ मध्ये कॅमेऱ्यानं समोरच्या कॅचरनं पिचरला केलेल्या खुणा बघून, कोणता चेंडू येणार ते कचऱ्याचा डबा वाजवून आपल्या बॅटरला कळवत होते. जानेवारी २०२० मध्ये लीगनं हिंच आणि जनरल मॅनेजर लुनाऊला वर्षभर निलंबित केलं, आणि मालकानं त्याच दिवशी दोघांना काढलं. २०१७ च्या विजेतेपदाची बाजू मी घेत नाही. २०१९ मध्ये तसं केल्याचा पुरावा लीगच्या चौकशीत सापडला नाही, म्हणून त्या वर्षाबद्दल मी जे लिहिलं ते लिहिलं. आणि वरचा एकोणतीसचा हिशेब प्रत्येक सामन्याला सारखी संधी धरून आहे. खरं तर पिचर बदलला की ती बदलते.

दादा, वही सांगलीच्या घरी माळ्यावर आईच्या ट्रंकेत आहे, साड्यांच्या खाली. ह्या रविवारी जाशील तेव्हा काढ. बाबांच्या पुढ्यात १ सप्टेंबरचं पान उघडून ठेव आणि त्यांना विचार, हे वरचं एकच "चा" कशाचं आहे.