शर्यतीत पुढच्याची चेन उतरली तर थांबायचं का?

तुळजापूरच्या घाटात शर्यत चालू असताना पुढच्या स्पर्धकाची चेन उतरली तर थांबावं की निघून जावं, आणि डोंगरातही हाच न्याय लावायचा का, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापुरात सायकल चालवतो आणि सह्याद्रीत चढाईला जातो. माझं उत्तर स्पष्ट आहे: चेन उतरली तर निघून जा. माणूस पडला तर थांबा.

चेन उतरणं हा शर्यतीचाच भाग आहे. चढावर पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला की असं होतं. तो कधी बदलायचा हेसुद्धा कौशल्यच. २०१० च्या टूर द फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीत, पोर्त द बालेसच्या चढावर पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्या, अँडी श्लेकची चेन उतरली आणि त्याचा प्रतिस्पर्धी आल्बेर्तो कोंतादोर पुढे निघून गेला. त्या दिवशी त्याने ३९ सेकंद कमावले, आणि शेवटी टूर जिंकली तीही बरोबर ३९ सेकंदांनी. लोकांनी त्याची हुर्यो उडवली, त्याने माफीही मागितली. (उत्तेजकाच्या प्रकरणात ते विजेतेपद पुढे गेलं ते गेलंच, पण ती गोष्ट वेगळी.) मला त्या चढावरचं त्याचं वागणं रुक्ष वाटतं, अनैतिक नाही. उलट २०२२ च्या टूरमध्ये उतारावर तादेय पोगाचार पडला तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी योनास विंगेगार्ड त्याच्यासाठी रेंगाळला, दोघांनी चालत्या सायकलींवरून हात मिळवले आणि मग पुन्हा जीव तोडून शर्यत केली. ते पाहताना मला फार बरं वाटलं होतं. तरीही विंगेगार्डवर तसं करायचं बंधन होतं असं मी म्हणणार नाही.

कारण टूरमध्ये पडलेल्याच्या मागे टीमची गाडी असते, मेकॅनिक असतो, डॉक्टर असतो. तुम्ही थांबलात तर तो मोठेपणा; नाही थांबलात तरी तो माणूस उघड्यावर पडत नाही. मी दरवेळी आधी एवढंच बघतो, की त्याच्या मागे कोण आहे?

डोंगरावर बहुतेक वेळा कोणीच नसतं. मे २००६ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला डेव्हिड शार्प हा गिर्यारोहक मरणासन्न अवस्थेत होता आणि त्याच्या शेजारून चाळीसेक जण गेले असं सांगितलं जातं. साडेआठ हजार मीटरवर माणसाला उचलून आणणं जवळजवळ अशक्य असतं, आणि काहींनी मदतीचा प्रयत्न केलाही, हे मला मान्य आहे. पण दहा-बारा दिवसांतच त्याच बाजूला लिंकन हॉल हा ऑस्ट्रेलियन गिर्यारोहक जिवंत सापडला. आदल्या संध्याकाळी त्याला मेला समजून सोडून दिलं होतं. डॅन मझूर आणि त्याचे सोबती शिखरापासून काही तासांवर होते, हवा चांगली होती. ते त्याच्याजवळ थांबले, त्याला ऑक्सिजन आणि पाणी दिलं, खालून शेर्पांची तुकडी बोलावली. हॉल वाचला. मझूरच्या तुकडीचं शिखर मात्र त्या मोसमात राहिलं. हे मोठेपणाच्या पलीकडचं आहे, मी याला कर्तव्य म्हणतो.

आता आपल्या रस्त्यांकडे या. शर्यतीला बहुधा एकच अँब्युलन्स, तीही कुठेतरी शेवटी. एप्रिल-मेच्या उन्हात पारा चाळिशीच्या वर, बाजूने ट्रक धावतायत, आणि पडलेला पोरगा डांबरावर. सायकलींची शर्यत असली तरी अशा वेळी मी डोंगराचाच नियम लावतो. त्याला आधी रस्त्याच्या कडेला घ्या. डोक्याला किंवा मानेला मार लागल्यासारखं वाटलं तर एकट्याने ओढाओढ करू नका. मागून येणारी वाहनं थांबवा, दोघा-तिघांच्या मदतीने मान न हलवता बाजूला घ्या आणि १०८ ला फोन करा.

कोणी बघत नसताना प्रामाणिक राहायचं का, हा प्रश्नही इथेच येतो. २०१६ मध्ये पुण्याच्या एका पोलीस दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचे खोटे फोटो दिले आणि नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. आपल्याकडे हंगामात उसाच्या ट्रॉलीला धरून चढ काढणारे असतात. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, तर पहिला-दुसरा असे नंबरही नसतात, साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पुरे करायचे एवढंच. तिथे ट्रॉली धरणाऱ्याला मी सोबत घेत नाही.

शर्यतीत नाव नोंदवताना आयोजकांना दोन गोष्टी विचारा: अँब्युलन्स कुठे उभी असेल, आणि पडलेल्यासाठी थांबणाऱ्याचा वेळ कसा धरणार. अनेक आयोजकांनी दुसऱ्या गोष्टीचा विचारच केलेला नसतो. चार-पाच स्पर्धकांनी विचारलं तर करावा लागेल.