मानसशास्त्राच्या पेपरात जैविक दृष्टिकोनाचं (वर्तनाची कारणं शरीरात शोधणाऱ्या दृष्टिकोनाचं) उत्तर कसं लिहायचं

'जनुकांमुळे माणूस असा वागतो' असं लिहून थांबू नकोस, त्याने काहीच स्पष्ट होत नाही. कोणता अवयव, कोणता संदेश, त्यातून कोणतं वर्तन, ही साखळी दाखव.

आपल्या नागपूरचा मे महिना घे. पारा ४५ च्या पुढे गेला की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग रक्ताचं वाढलेलं तापमान ओळखतो, घामग्रंथींना संदेश धाडतो. घाम गेल्याने रक्तातली क्षारांची तीव्रता वाढते आणि तहान लागते. इथवर जीवशास्त्र पुरतं. पण कामं सकाळीच उरकून दुपारी कूलरसमोर बसायचं, हे शिकलेलं वर्तन आहे. ही हद्द उत्तरात दिसली पाहिजे.

सगळ्यात जास्त गोंधळ जुळ्यांच्या अभ्यासात होतो. एकबीज जुळ्यांची (एकाच फलित बीजापासून झालेल्या) जनुकं जवळपास १०० टक्के सारखी, द्विबीजांची (दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या) सरासरी ५० टक्के. संशोधक गॉट्समन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार एकाला स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार असल्यास दुसऱ्याला तो होण्याचा धोका एकबीजांत ४८ टक्के, द्विबीजांत १७. मुलं ४८ बघून 'आनुवंशिक' लिहितात. अरे, फक्त जनुकंच कारण असती तर तो आकडा १०० च्या जवळ गेला असता! शिवाय एकबीज जुळ्यांना घरातली वागणूकही जास्त सारखी मिळते, हा आक्षेप लिहिच.

मेंदूच्या स्कॅनबाबतही जपून. मॅग्वायर यांच्या २००० सालच्या अभ्यासात लंडनच्या टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतला आठवणी आणि रस्ते लक्षात ठेवायला मदत करणारा भाग) मागचा भाग मोठा आढळला आणि नोकरीची वर्षं जास्त तसा तो अधिक मोठा. म्हणजे स्कॅनमधला फरक वर्तनाचं कारणच असेल असं नाही, अनुभवानेही मेंदू बदलत असावा.